तारापूर म्हटले की

११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी चिंचणीतल्या आमच्या घराची तावदाने थरथरली आणि थोड्या वेळाने पुण्याच्या मावशीचा फोन आला. "तुमच्या अ‍ॅटॉमिकला काही झालं का गं?" असे ती विचारत होती, कारण टीव्हीवरच्या पट्टीत तिने 'तारापूरमध्ये स्फोट' एवढेच वाचले होते. स्फोट झाला होता तो बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात आणि त्यात कामगारांचे जीव गेले होते. वसाहतीचे नाव तारापूर आणि अणुवीज केंद्राचेही तारापूर. ज्या गावाचे हे नाव, ते खाडीपलीकडचे, पोर्तुगीज किल्ल्याचे तारापूर मात्र या गोंधळात कोणाला आठवत नाही.

माझा संबंध केंद्र आणि वसाहत या दोन्हींशी आहे. बाबा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांच्या, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत 'एक-दोन'च्या, देखभाल विभागात निवृत्तीपर्यंत होते. मी गेली अकरा वर्षे वसाहतीतील एका कारखान्याच्या क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या, प्रयोगशाळेत काम करते.

ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यावसायिक उत्पादन सुरू करणाऱ्या या दोन अणुभट्ट्या देशातील पहिल्या. जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या, उकळत्या पाण्याच्या. त्यांत इंधन भरायचे तर भट्टी पूर्ण बंद करून, झाकण उघडून, सारे काम पाण्याखाली करावे लागते. २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेल्या ५४० मेगावॅटच्या 'तीन-चार' जड पाण्यावरच्या असल्याने त्यांत चालू भट्टीतच इंधन बदलता येते. आमच्या लहानपणी कॉलनीत 'शटडाऊन' हा शब्द सणासारखा ऐकू यायचा, फरक एवढाच की त्या दिवसांत बाबा घरी दिसत नसत. ओव्हरटाइमच्या पैशांतून आमच्या शाळेच्या बॅगा येत.

बाबांच्या छातीवर एक बिल्ला असे. आत तीन पांढऱ्या चकत्या. प्रयोगशाळेत त्या तापवल्या की जेवढा किरणोत्सार त्यांनी साठवला असेल तेवढा प्रकाश देतात आणि त्यावरून माणसाने किती 'डोस' घेतला ते कळते. हा डोस मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. कामगारासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. कुंपणाबाहेरच्या सामान्य माणसासाठी वर्षाला १. एखाद्या जागी किरणोत्सार जास्त असला की एकच झडप बदलायला माणसे आळीपाळीने आत जात, प्रत्येकी मोजकी मिनिटे, आणि एखाद्याचा आकडा मर्यादेजवळ आला की त्याला बाहेरच्या कामावर पाठवत. "त्याचा डोस संपला," असे बाबा शिधा संपल्यासारखे सहज म्हणत.

मोजमाप कुंपणाबाहेरही चालते. परिसर सर्वेक्षण प्रयोगशाळेची माणसे आसपासच्या गावांतून दूध, भाजी, मासळी आणि पाणी यांचे नमुने नेतात. दूध विशेष महत्त्वाचे, कारण किरणोत्सारी आयोडीन गवतावर बसते, गवत गाय खाते आणि दुधावाटे ते मुलांच्या थायरॉइडपर्यंत पोहोचते. त्याचे प्रमाण आठ दिवसांत निम्मे होते, पण तेवढे दिवस तान्ह्या मुलासाठी पुष्कळच. ही प्रयोगशाळा भाभा अणुसंशोधन केंद्राची, म्हणजे तीही अणुऊर्जा विभागाचीच. परीक्षा घेणारा आणि देणारा एकाच घरातले असल्याने गावातल्या पारावर त्या आकड्यांवर सगळेच विश्वास ठेवत नाहीत आणि त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. तीन-चारसाठी ज्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांची घरे गेली, त्यांना पुनर्वसनासाठी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्यांच्याशी मिलिसिव्हर्टची भाषा कोणत्या तोंडाने बोलायची?

जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्रातील दुर्घटनेनंतर मात्र मीही काही रात्री नीट झोपले नव्हते. तिथली पहिली अणुभट्टी १९७१ ची, म्हणजे आमच्या एक-दोनपेक्षा धाकटी आणि त्याच कंपनीच्या घराण्यातली. भट्टी बंद झाली तरी इंधनातील उष्णता निघतच राहते, आणि पाणी फिरवणारे पंप वीज गेल्याने थांबले तर काय होते, हे बाबांनी मला त्या आठवड्यात जेवणाच्या ताटावर, वाटी आणि पेला मांडून समजावले. इतक्या वर्षांत आपल्या कामाबद्दल ते इतके सलग बोलल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही.

आता माझ्या कामाबद्दल. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा तारापूर वसाहत सर्वांत वर होती. मी रोज सॉल्व्हंटच्या बाटल्या हाताळते, दुपारनंतर डोके जड होते, आणि माझ्या छातीवर कसलाही बिल्ला नाही. वर्षाकाठी एकदा डॉक्टर येतात, रक्तदाब मोजतात, सही करतात. गेल्या अकरा वर्षांत मी श्वासावाटे काय आणि किती घेतले याचा कागद कोणाकडेच नाही; बाबांच्या साऱ्या नोकरीचा डोस मात्र आकड्यात लिहिलेला आहे. अणुकेंद्र निर्धोक आहे असे मी यावरून म्हणत नाही. नातेवाइकांनी काळजी कोणाची करावी, एवढेच मला त्यांना सांगायचे असते, पण फोनवर ते सांगून होत नाही.

केंद्राच्या आणीबाणीच्या सरावात गावाला सूचना मिळतात: घराबाहेर पडू नका, दारे-खिडक्या लावून घ्या, अन्नपाणी झाकून ठेवा, सांगितल्यावर आयोडीनची गोळी घ्या. स्थिर आयोडीनने थायरॉइड आधीच भरली की किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा उरत नाही, हे त्यामागचे कारण. सरावाच्या दिवशी शाळेत मुलांना याची गंमत वाटते.

पावसाळ्यात वारा बोईसरकडून फिरला की रात्री दीड-दोनच्या सुमारास सडक्या अंड्यांसारखा वास येतो. आई उठते, एकेक खिडकी लावते, पाण्याच्या हंड्यावर ताट ठेवते आणि परत येऊन झोपते.