पाळी कुणाची?

बारावीच्या संगणक प्रकल्पाला वर्गातल्या निम्म्या मुलांनी ग्रंथालयाची नोंदवही घेतली, उरलेल्यांनी रेल्वे आरक्षण. मी आणि माझ्या बाकावरच्या मित्राने नवकंकरी, म्हणजे पटावर खडे ओळीत आणायचा खेळ, घेतली, तीही दोन संगणकांवर दोघांनी खेळायची. बाई म्हणाल्या, "करा, पण प्रॅक्टिकलला चालली पाहिजे."

शाळेच्या एकुलत्या एका हबला, म्हणजे अनेक संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेटीला, हात लावायची सोय नव्हती. मग दोन संगणक थेट जोडायला क्रॉस केबल घरीच बनवली: एका टोकाला तारांच्या नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल, दुसरं टोक नेहमीसारखं. क्रिम्पिंगची, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवायची, पक्कड दांडिया बाजारातल्या ओळखीच्या काकांनी रविवारपुरती दिली.

जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सॉकेट, म्हणजे दोन संगणकांच्या बोलण्याचं टोक, उघडणं पुस्तक बघून जमलं. एक संगणक पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर, वाट बघत बसतो, दुसरा त्याच्या आयपी पत्त्यावर, म्हणजे नेटवर्कमधल्या त्याच्या क्रमांकावर, जाऊन जोडला जातो. निरोप नेण्याची टीसीपी ही पद्धत म्हणजे बाइटांचा अखंड ओघ, त्यामुळे जागांच्या आकड्यांचे दोन निरोप चिकटून आले की ७ आणि १४ चे ७१४ व्हायचे. प्रत्येक निरोपाअखेर नवी ओळ टाकली, भागलं. पटही सोपा: २४ जागांना ० ते २३ आकडे, आणि तीन खडे ओळीत येण्याचे १६ प्रकार.

डोकं खाल्लं ते पाळीने. फुल्ली-गोळ्यात खेळी झाली की पाळी बदलते. नवकंकरीत तीन खडे ओळीत आले की ते आणणाऱ्यानेच समोरच्याचा एक खडा उचलायचा असतो, म्हणजे पाळी अजून त्याचीच. आमच्या दोन्ही पडद्यांवर एकाच वेळी 'तुमची पाळी' झळकायचं आणि पुढे खरोखरीचं भांडण. शेवटी ठरवलं: खरा पट एकाच संगणकावर. दुसऱ्याने फक्त विचारायचं, "इथे ठेवू का?" आणि उत्तर येईल तसं चित्र काढायचं. आज पोटापाण्यासाठी सर्व्हरचंच काम करतो. तिथली भांडणंही बहुतेक याच जातीची.

प्रदर्शनात दोन संगणक पाठीला पाठ लावून ठेवले होते. शिपाईमामांनी पहिल्याच डावात गणिताच्या सरांना दोन खड्यांवर आणलं. जिंकूनही नाखूश! "खडा ठेवल्याचा आवाज नाही, मग कसली मजा?" आम्ही तिथल्या तिथे 'टक' बसवला. दुपारी बाईंनी येऊन स्पीकर काढायला लावले.