फणसाची तक्तपोशी

३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या दापोलीकडच्या घरामागचा कापा फणस मुळासकट आडवा झाला. घरावर पडला नाही, एवढीच काय ती मेहेरबानी. दिवाळीनंतर खोड सॉ मिलवर नेऊन पाऊण इंची फळ्या पाडून घेतल्या. दोन फळ्यांमध्ये काठीचे तुकडे घालून त्या पडवीत रचल्या आणि वर जुनी कौलं ठेवली, दाब राहावा म्हणून. लाकूड सुकायला इंचाला वर्ष धरतात. आमच्या फळ्या अडीच वर्षं पडून राहिल्या. मुंबईहून मला सवड होईना, हे खरं कारण.

आईच्या झोपायच्या खोलीला वर काही नव्हतंच. तुळया, वासे, रिपा आणि थेट मंगलोरी कौलं. पावसाळ्यात जोराच्या वाऱ्याला बारीक तुषार अंथरुणावर यायचे, उन्हाळ्यात धूळ, आणि बारा महिने उंदरांची कृपा. आजोबा नेहमी म्हणायचे, एकदा तक्तपोशी, म्हणजे कौलांखाली फळ्यांचं छत, करून घेऊ. ते राहून गेलं. मे २०२३ मध्ये पंधरा दिवसांची रजा टाकली आणि गावातल्या सुतारकाकांना गाठलं.

पहिला अडथळा आईचा. "माझं काचेचं कौल झाकलंस तर बघ." त्या कौलातून सकाळी उन्हाचा चौकोन भिंतीवरून खाली येतो. तो कपाटाच्या कडीवर आला की तिच्या चहाची दुसरी वेळ होते. मला हे हट्टाचं वाटलं, पण काकांनी मान डोलावली. त्यांनी कौलापासून तक्तपोशीपर्यंत प्लायवूडचा चौकोनी नळा केला आणि आतून पांढरा रंग दिला. खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा उजेड जास्त येतो.

खोली बारा बाय दहा. म्हणजे तशी म्हणायची! चिऱ्याच्या भिंती काटकोनात असतील ही अपेक्षाच चुकीची. एका टोकाला बारा फूट, दुसऱ्या टोकाला दोन इंच कमी. शेवटची फळी तिरकी कापावी लागणार हे दोरी लावल्यावर कळलं. ती बाजू आम्ही कपाटाच्या वर घेतली. पाण्याच्या नळीने चारी भिंतींवर लेव्हलच्या खुणा केल्या, तुळयांना दोन-दोन फुटांवर पट्ट्या मारल्या. पंख्याचा हूक तुळईतून खाली घेतला, वायरी पाइपातून ओढल्या. कोपऱ्यात माणूस वर जाईल एवढी झडप ठेवली. कौल फुटलं तर आता खालून दिसणार नाही, म्हणून ती हवीच.

फळ्यांच्या वरच्या बाजूला वाळवीसाठी डिंबेल लावलं. काजूच्या टरफलाचं हे तेल अंगाला लागलं तर फोड येतात. मी हातमोजे घातले आणि मनगट विसरलो. आठवडाभर खाजवत होतो. खालच्या बाजूला नुसतं जवसाचं तेल. ताजा फणस पिवळाधमक दिसतो, वर्षं जातील तसा तांबूस होत जातो.

मग फळ्या चढवणं. एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला त्यात बसणारी जीभ, अशा एकूण छत्तीस. फणसाला टोकाजवळ सरळ खिळा मारला तर तो चिरतो, म्हणून आधी ड्रिलने भोक. दहा फुटांची फळी दोघांनी डोक्यावर धरून खिळा मारायचा म्हणजे तिसरा हात हवा, तो काकांनी इंग्रजी टी अक्षरासारखा टेकू करून दिला. मान मात्र आमचीच. तिसऱ्या दिवशी मला जेवताना ताटाकडे बघता येईना.

इथेच मी शहाणपणा केला. काका प्रत्येक जोडात हॅक्सॉचं पातं घालून तेवढी फट ठेवत होते, भिंतीलगत अर्धा इंच. पाच-सहा फळ्या झाल्यावर मी म्हटलं, "काका, फटी दिसतील. दाबून बसवा."

"अरे, लाकूड पाऊस पितं."

"अडीच वर्षं सुकलंय की."

ते काही बोलले नाहीत. पुढच्या फळ्या दाबून बसल्या, शेवटची तर हातोडीने ठोकून.

जुलैच्या मध्यात आईचा फोन. रात्री काडकन आवाज झाला, तिला वाटलं कौलावर माड पडला. सकाळी बघते तर मधल्या चार फळ्या पोट आल्यासारख्या खाली फुगलेल्या आणि एकीची जीभ तुटलेली. सुकलेलं लाकूडही दमट हवेत आडवं फुगतं. एका फळीमागे अर्धा मिलिमीटर धरला तरी छत्तीस फळ्यांचे अठरा मिलिमीटर होतात, आणि त्यांना जायला मी जागाच ठेवली नव्हती. आईने पलंग पडवीकडच्या खोलीत हलवला आणि पावसाळा तसाच काढला.

दिवाळीनंतर दाबून बसवलेल्या सगळ्या फळ्या काढून पुन्हा लावल्या. तुटलेल्या जिभेच्या जागी राहिलेल्यातली एक आली, शेवटची रंधा मारून अरुंद केली. भिंतीलगतची फट झाकायला पट्टी मारली, पण तिचे खिळे भिंतीत, फळीत नाहीत. म्हणजे फळ्या तिच्याआड सरकू शकतात. या खेपेला पातं मीच धरत होतो. काकांनी मजुरी दोन दिवसांचीच घेतली, लागले होते चार.

पुढच्या पावसात फटी मिटल्या, हिवाळ्यात पुन्हा उघडल्या. आता वर उंदीर धावले की फळ्यांवर ताशा वाजतो. आई म्हणते, पूर्वी निदान ते दिसायचे तरी.