तारीख ठेवायची, पत्ता काढायचा : गौरीच्या फोटोची भानगड

फोटोत लपलेली माहिती काढायला मिनिटभर लागतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जे रडगाणं गाणार आहे ते वाचून कुणी घाबरायला नको. खरी कसरत झाली ती तो साफ केलेला फोटो एका फॉर्मच्या गळी उतरवताना. त्यात माझा अख्खा गौरी-गणपतीचा सण गेला आणि ती चिडचिड अजून पुरती उतरलेली नाही.

मी कोल्हापुरात एका व्हॅल्युअरकडे काम करते. बँकेच्या कर्जासाठी घर, प्लॉट, गाळा यांची किंमत काढायची तर साइटवर जाऊन फोटो काढावे लागतात आणि प्रत्येक फोटोवर अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ यायलाच लागते. नाहीतर रिपोर्ट परत. त्यामुळं माझ्या कॅमेऱ्याचं लोकेशन कायम चालू असतं. दोन आकड्यांवरनं माणूस थेट कुणाच्या दारात जाऊन उभा राहतो, हे मला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. माझं पोटच त्यावर चालतं.

साइटच्या फोटोवर छापलेलं लोकेशन निदान डोळ्यांना दिसतं. न दिसणारं असतं ते फाइलच्या आत, त्याला एक्झिफ म्हणतात. जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेनं १९९५ साली हा नमुना आणला. हेतू साधा होता. कॅमेरा कुठला, शटर किती, फोटो कधी काढला, एवढं फोटोबरोबर राहावं. त्यात जागेचाही रकाना आहे. जुन्या कॅमेऱ्यात तो बहुधा कोराच राहायचा. फोन आले आणि आपण काहीही न करता तो भरायला लागला.

आता फॉर्मकडं येते. आमच्या भागातली एक संस्था दर वर्षी घरगुती गौरी-गणपती सजावटीची स्पर्धा घेते. पूर्वी परीक्षक घरी यायचे, प्रसाद घ्यायचे, सासूबाईंशी दोन शब्द बोलायचे. आता सगळं ऑनलाइन झालंय. फॉर्मवर ठळक अक्षरात सूचना होती : मूळ फोटोच अपलोड करावा, व्हॉट्सॲपवरून आलेला किंवा एडिट केलेला फोटो बाद होईल.

आमच्या गौरीच्या अंगावर काय काय असतं ते सांगते, म्हणजे मी का अडून बसले ते कळेल. कोल्हापुरी साज, बोरमाळ, ठुशी, पाटल्या, नथ. यातलं निम्मं आजेसासूबाईंनी गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, करून घेतलेलं, वर्षातनं दोन दिवस बाहेर निघणारं. फोटोत मागं लोखंडी कपाटाचा अर्धा दरवाजाही आला होता. फोटोचे डिटेल्स उघडले तर खाली नकाशा आणि आमच्या बोळावर लाल टाचणी. कुठली पेठ ते इथं लिहीत नाही, एवढं समजून घ्यालच. एक्झिफमध्ये अंश, मिनिटं, सेकंद असं लिहिलेलं असतं आणि अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. फोन सेकंदाच्या पुढचे दशांशही लिहितो. घरात भिंतींमुळं थोडं इकडंतिकडं होतं हे खरं, पण आमच्या बोळात थोडं इकडंतिकडं म्हणजे एकूण तीन उंबरे.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, फोटोत घर कुठं दिसतंय? नुसती गौरी तर हाय." मी त्यांना नकाशा दाखवला. चष्मा वर करून त्यांनी टाचणी बघितली आणि म्हणाल्या, "मग साज काढूनच फोटो घे की." गौरीच्या अंगावरचा साज उतरवायचा, पण फाइलमधलं लोकेशन तसंच ठेवायचं, असला तो उपाय.

फोटो मी लॅपटॉपवर घेतला. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथं अगदी खाली एक ओळ असते, रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन. तिच्यावर क्लिक केलं की शक्य तेवढी सगळी माहिती काढून दुसरी कॉपी तयार करायचा पर्याय मिळतो. केलं. नवी कॉपी उघडून बघितली, लोकेशन नाही, फोनचं मॉडेल नाही, तारीखही नाही.

आणि तारखेवरच गाडं अडलं.

फॉर्मनं लाल अक्षरात सांगितलं : फोटोत तारीख आढळली नाही, कृपया मूळ फोटो अपलोड करावा. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मिस्टर म्हणाले स्क्रीनशॉट काढून टाक. स्क्रीनशॉट पीएनजी निघाला आणि फॉर्मला फक्त जेपीजी चालत होतं. मग त्यांनी स्वतःच्या व्हॉट्सॲपवर फोटो मागवून मला परत पाठवला. व्हॉट्सॲप फोटो म्हणून पाठवलेल्या फाइलमधलं एक्झिफ काढूनच टाकतं, त्यामुळं तिथंही लाल अक्षरं. इकडं हळदी-कुंकवाला बायका यायला लागलेल्या, बाहेर झिम्म्याचा दंगा, आणि मी आतल्या खोलीत लॅपटॉपपुढं. मुदत विसर्जनाच्या रात्री बारापर्यंत.

फॉर्मवरच्या नंबरवर फोन लावला. एक मुलगा बोलला, आवाजावरनं कॉलेजातला असावा.

"वहिनी, व्हॉट्सॲपचा फोटो टाकलाय काय तुम्ही?"

"नाही. माझ्याच फोनमधला आहे. त्यातलं लोकेशन काढलंय."

"ते कशाला काढलासा? मूळच टाका की."

"दादा, मूळ फोटोत माझ्या घराचा पत्ता आहे."

"पत्ता फॉर्ममध्ये भरायचाच हाय वो, तो काय कुणाला दाखवत न्हाई आम्ही."

इथं मला दम धरायला लागला. फॉर्ममधला पत्ता कुणाला दाखवत नाहीत हे खरंच. पण फोटोंचं काय करता, म्हणून विचारलं. तर म्हणे लोकांना मतं द्यायला वेबसाइटवर टाकतो, मोठा करून बघता यावा म्हणून मूळ साइजचाच टाकतो, डाउनलोडचं बटणही आहे. फोन चालू असतानाच मी त्यांच्या गेल्या वर्षीच्या गॅलरीतला एक फोटो उतरवून घेतला आणि डिटेल्स उघडले. अक्षांश, रेखांश, वेळ, सगळं जागच्या जागी. कुणाची तरी गौरी, गळ्यात माझ्या सासूबाईंना हेवा वाटेल असा साज.

फोनवर त्याला हे पटेना. "तसं काय नसतंय वो" हेच पालुपद. म्हणून दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या गडबडीतनं वेळ काढून लॅपटॉप घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. तो मुलगा होता आणि संस्थेचे एक काका होते. काकांनी आधी चहा मागवला, मग नियमाचा कागद पुढं केला. त्यावर मूळ फोटो ही अट होतीच. ती कशासाठी आहे, ते काही लिहिलेलं नव्हतं.

गेल्या वर्षीचा तो फोटो मी त्यांच्यासमोर उघडला. आकडे कॉपी करून नकाशात टाकले. नकाशा सरकत सरकत एका पत्र्याच्या छतावर येऊन थांबला. तो मुलगा पुढं वाकून बघायला लागला आणि त्याच्या तोंडातनं निघून गेलं, "आयला, हे तर गिरणीच्या शेजारचं घर." गॅलरीत त्या फोटोखाली नावसुद्धा नव्हतं, नुसता प्रवेश क्रमांक होता. काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

पण माघार घेतील तर काका कसले. म्हणाले, "वहिनी, तुमचं बरोबर हाय. पण तारखेशिवाय आम्ही कसं चालवणार? मागं एकानं तीन वर्षांपूर्वीचा फोटो टाकून बक्षीस नेलं आणि मग ह्याच टेबलावर भांडणं झाली." म्हणजे अटीला कारण होतं. त्यांना हवी होती फक्त तारीख, आणि त्यासाठी लोकांच्या घराचा नकाशा मागून घेत होते. हे दोन वेगवेगळे रकाने आहेत, एक ठेवून दुसरा पुसता येतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. फॉर्म करून देणाऱ्यानंही बहुतेक सांगितलं नसावं.

तारीखसुद्धा फाइलमध्ये हवी ती घालता येते, एका ओळीचं काम आहे. हे मी मुद्दाम बोलले नाही. नाहीतर पुढच्या वर्षीपासून गौरीबरोबर तहसीलदाराचा दाखला जोडायला लागला असता.

तर उपाय. फिल हार्वे यांनी केलेला एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्राम आहे, २००३ पासून चालत आलेला. दिसायला अगदी रुक्ष, बटणं नाहीत, कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत टाइप करायचं. एक्झिफटूल, मग जागा सोडून एक आडवी रेघ, तिला चिकटून जीपीएस, विसर्गासारखी दोन टिंबं, ऑल, बरोबरचं चिन्ह, आणि त्याच्या पुढं काहीच नाही. मग जागा सोडून फाइलचं नाव. बरोबरच्या पुढं रिकामं सोडलं म्हणजे ते सगळं रिकामं कर. जीपीएस न लिहिता नुसतं ऑल लिहिलं तर तारखेसकट सगळं साफ होतं. मी जीपीएसवालं चालवलं. जागा गेली, तारीख राहिली. त्यांच्याच ऑफिसातनं, त्यांच्याच वायफायवर फोटो टाकला. फॉर्मनं निमूट घेतला. लाल अक्षरं नाहीत, काही नाही. मला टेबलावर थाप मारावीशी वाटली. चहाचे कप होते म्हणून राहिले.

एक लक्षात ठेवा, हा प्रोग्राम जुनी फाइल फेकत नाही. तिच्या नावाला ओरिजिनल अशी शेपटी जोडून शेजारीच ठेवतो. घाईत तीच अपलोड केलीत तर सगळं मुसळ केरात.

सगळं साफ केल्यावर कधीकधी उभा फोटो आडवा होतो. फोटो कुठल्या बाजूनं धरायचा हेही एक्झिफमध्येच लिहिलेलं असतं, ते गेलं की फोटो लोळतो. घाबरू नका, फिरवून सेव्ह करा.

आयफोनवाल्यांना एवढं करावंच लागत नाही. शेअर करताना वर ऑप्शन्स असं बारीक दिसतं, त्यात लोकेशन बंद करायचं, तारीख तशीच जाते. माझ्या नणंदेकडं आयफोन आहे, ती हे सगळं ऐकून फिस्सकन हसली होती. मॅकवर प्रिव्ह्यूमध्ये टूल्स, शो इन्स्पेक्टर, तिथं जीपीएसचा भाग उघडला की रिमूव्ह लोकेशन इन्फो मिळतं. अँड्रॉइडमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच लोकेशनचा खटका असतो, कंपनीगणिक नाव वेगळं. तो बंद केला की पुढचे फोटो कोरे येतात, आधी काढलेले मात्र तसेच राहतात. माझ्यासारखं कामामुळं चालू ठेवावं लागत असेल तर घरचे फोटो बाहेर देताना तेवढे साफ करायचे.

व्हॉट्सॲपचं वर सांगितलं, पण त्यातही मेख आहे. क्वालिटी उतरू नये म्हणून लोक फोटो डॉक्युमेंट करून पाठवतात. तसा पाठवला की आतलं सगळं जसंच्या तसं जातं. लग्नाच्या ग्रुपवर हे सर्रास चालतं.

फोटो साफ करून देणाऱ्या वेबसाइटही आहेत. मी त्या वाटेला जात नाही. लोकेशन लपवायचं म्हणून लोकेशनसकट फोटो कुणा अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर चढवायचा, हे मला काही झेपत नाही.

आणि एवढं करून फोटोत मागं भिंतीवर दुकानाचं कॅलेंडर, खिडकीतनं समोरच्या बँकेचा बोर्ड, दारातल्या गाडीचा नंबर दिसत असेल तर एक्झिफ पुसून उपयोग नाही. फोटो कापताना हे बघा. आणि कापल्यावर फाइल पुन्हा तपासा, कारण एक्झिफमध्ये फोटोचा छोटा नमुनाही असतो आणि काही सॉफ्टवेअरमध्ये तो न कापलेलाच राहून जायचा.

हे सगळं फार ताणतेय असं वाटत असेल तर जॉन मॅकाफीचं आठवा. अँटीव्हायरसवाला मॅकाफी. २०१२ च्या डिसेंबरात तो बेलीझच्या पोलिसांना चुकवत पळत होता. बरोबरच्या पत्रकारांनी त्याचा फोटो मासिकाच्या साइटवर टाकला, लोकेशन आत तसंच. लोकांनी फाइल उघडून बघितली, तर साहेब ग्वाटेमालात.

आमचा फोटो गॅलरीत आल्यावर मी तो परत उतरवून तपासला. तुम्हीही हे करा, कारण लोकांच्या हातात पडते ती साइटवरची फाइल, आपल्या लॅपटॉपवरची नव्हे. लोकेशनचा रकाना रिकामा होता. गेल्या वर्षीच्या फोटोंचं मात्र अजून भिजत घोंगडं आहे. काका म्हणाले मीटिंगमध्ये विषय घेतो. नंतर बघितलं तर डाउनलोडचं बटण काढलेलं, पण फोटोवर बोट दाबून धरलं की मूळ फाइल अजून उतरतेच. त्या मुलाला मी तीच ओळ पाठवली आहे. फाइलच्या जागी फोल्डरचं नाव दिलं की एका दमात आतले सगळे फोटो साफ होतात. त्यानं अंगठा पाठवलाय. पुढं काही केलंय असं दिसत नाही.

आमच्या गौरीला उत्तेजनार्थ मिळालं. नंबर का आला नाही याचं कारण सासूबाईंनी शोधून काढलंय : मी फोटो साफ केला, त्यात साजाची झळाळी उतरली. जीपीएस काढताना चित्राला हातसुद्धा लागत नाही, हे मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. त्या मूळ फोटोकडं बोट करून म्हणाल्या, "बघ, ह्यात कसा उठून दिसतोय."