कुले कुले, म्हणजे जरा दमानं

आषाढी झाली की पाय शिवशिवतात, म्हणून यंदा जुलैअखेरीस मी आणि मित्र लडाखला गेलो. शाम खोऱ्यातला लिकीर ते तेमिसगाम, तीन दिवसांचा रस्ता. ह्याला सगळे 'बेबी ट्रेक' म्हणतात आणि त्या नावानंच घात केला. दिवे घाट दरवर्षी चढतो, नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड झालाय, आपल्याला काय होतंय? लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथं विरळ हवेची सवय व्हायला निदान दोन-तीन दिवस गप पडून राहायचं असतं, आम्ही एकच राहिलो.

लिकीरच्या गोंपात (बौद्ध मठात) मैत्रेय बुद्धाची २३ मीटर उंच मूर्ती आहे, तिला हात जोडले आणि सुटलो. फोबे ला, चारात्से ला (ला म्हणजे खिंड), उंची फार नाही पण सावली नावाला नाही. वाटेत एक लांबलचक मणी भिंत लागली, दगडादगडावर मंत्र कोरलेले. मित्र सरळ तिच्या उजव्या अंगानं घुसला, तर लांबून प्रार्थनाचक्र फिरवत येणारी एक आजी हातानं खुणा करायला लागली. भिंत उजव्या हाताला ठेवून जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखं. मग आलो उलटं फिरून. आजी हसली, म्हणाली "ज्युले". नमस्कार, धन्यवाद, येतो, सगळ्याला हा एकच शब्द, वारीतल्या 'माऊली'सारखा!

यांगथांगला पोचेस्तोवर माझं डोकं ठणकायला लागलं आणि जेवणाचा वास नको झाला. मुक्कामाच्या घरच्या अमालेनं (आईला तिकडं असंच हाक मारतात) एक नजर टाकली आणि मोडक्या हिंदीत निकाल दिला, उद्या चालायचं नाही. "कुले कुले." हळू हळू. मला खरंतर राग आला होता, परतीचं विमान ठरलेलं, एक दिवस फुकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फावडं घेऊन निघाली तसा मीही मागं गेलो. पाटातलं पाणी म्हणजे वरच्या बर्फाचं, कुणाची पाळी कधी हे गावानं नेमलेला चुरपोन ठरवतो. तिनं एक चपटा दगड उचलला, त्याच्या बुडाशी गवताचं ढेकूळ कोंबलं, पाणी वळलं आणि सातूच्या वाफ्यात शिरलं. अरे, हे तर दारं धरणं! आमचे आजोबा उसाला रात्री कंदील घेऊन दारं धरायचे. विचारलं, किती वेळ लागेल? म्हणाली, पाणी पलीकडं पोचेल तेव्हा. आणि बांधावर बसून माळ ओढायला लागली. मीही बसलो. पाणी इतकं सावकाश सरकत होतं की पुढं बोटभर फेस आणि त्यावर एक मुंगी काडीला धरून चाललेली दिसत होती. बारा वाफे झाले तोवर डोकं कधी उतरलं कळलंच नाही, फोन खोलीतच राहिलेला.

नंतरचे दोन दिवस विसावे घेत चाललो. हेमिस शुक्पाचनला शुक्पाची म्हणजे ज्युनिपरची जुनी झाडं आहेत, गावाचं नावच त्यावरून, तिथं तासभर नुसते पडून होतो. मेबताक ला चढताना मित्र मागं राहिला आणि पहिल्यांदाच मी त्याला हाका मारल्या नाहीत.

तेमिसगामला (१६८४ चा लडाख-तिबेट तह इथलाच) उतरलो तेव्हा संध्याकाळ झालेली. दुपारी बोलावलेला ड्रायव्हर जर्दाळूखाली घोरत होता. आम्ही माफी मागायला लागलो तर त्यानं टोपीभर जर्दाळू पुढं केले, सरकून जागा दिली आणि परत आडवा झाला.