हिस्ट्रीत कुत्रा नव्हता

आमच्या पॅथॉलॉजी विभागात ब्रेन म्हटलं की झाकण लावलेली पांढरी बादली. वॉर्डातल्या रेसिडेंटसाठी ब्रेन म्हणजे सीटीची फिल्म. आणि नातेवाईक जेव्हा ‘ब्रेन गेला’ म्हणतात, तेव्हा त्यांना सांगायचं असतं की माणूस आता ओळखत नाही. एकाच इमारतीतली ही माणसं दिवसभर एकमेकांशी ब्रेनबद्दल बोलतात आणि प्रत्येकाला वाटतं, समोरच्याला कळलं.

ही केस गेल्या वर्षीची. चाळिशीतला शेतकरी. उजव्या हाताला मुंग्या, मग तोच हात लुळा, मग दोन्ही पाय. सोबत ताप, लघवी अडकलेली. दोन दिवसांत श्वास घेता येईना म्हणून व्हेंटिलेटरवर. केसपेपरवर निदान होतं जीबीएस, म्हणजे गुइलां-बारे सिंड्रोम: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात. 2025च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जीबीएसची साथ आली आणि त्यानंतर राज्यात कुणाचेही हातपाय लुळे पडले की सगळ्यांच्या तोंडात आधी तेच नाव येऊ लागलं. रेसिडेंट मंडळींना दोष देत नाही. पण एकाच हातापासून सुरुवात, पहिल्या दिवसापासून ताप आणि लघवी बंद, हे जीबीएसच्या चित्रात नीट बसत नाही. तिन्ही गोष्टी पहिल्याच पानावर लिहिलेल्या होत्या, तारखेसकट. लिहिलेलं वाचायची सवय सुटली आहे, एवढंच.

अकराव्या दिवशी पेशंट गेला. मेडिसिनचे आमचे जुने प्रोफेसर अजूनही पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेम, मागणाऱ्या जमातीतले, आणि ही जमात संपत आली आहे. एमआरआय आल्यापासून ‘आता काय बघायचं राहिलं’ असा सूर असतो. ते स्वतः नातेवाइकांजवळ बसले. पोलीस केस नव्हती, म्हणजे संमती हवीच. थोरल्या भावाने एकच विचारलं, “डोकं फोडणार का?” सरांनी सरळ सांगितलं: हो, कवटी उघडावी लागते, पण चीर एका कानामागून दुसऱ्या कानामागे केसांतून जाते, नंतर शिवतात, चेहऱ्याला धक्का लागत नाही. फक्त मेंदूपुरती सही मिळाली.

बाहेरच्यांना वाटतं मेंदू काढला, कापला, बघितला. ताजा मेंदू कापताच येत नाही. तो इतका मऊ असतो की सुरीखाली पसरतो. आमच्याकडे मॉर्च्युरीतले मामा कवटीची टोपी काढतात, मग मी पुढचा भाग बोटांनी हलकेच उचलून डोळ्यांच्या नसा कापते, मागे लहान मेंदूवरचा पडदा कापते, शेवटी खाली हात घालून मज्जारज्जूवर छेद. मेंदू तळहातावर येतो तो क्षण इतक्या वर्षांनंतरही मला साधा वाटत नाही. वजन 1380 ग्रॅम भरलं, म्हणजे अगदी नेहमीचं. मग तळाच्या मोठ्या धमनीखालून दोरा ओवून तो फॉर्मॅलिनच्या, म्हणजे मेंदू पक्का करणाऱ्या द्रावणाच्या, बादलीत उलटा टांगायचा. नुसता सोडला तर बुडाशी टेकून चपटा होतो आणि सगळी रचना बिघडते. दोन-तीन आठवडे तसाच ठेवायचा, मध्ये फॉर्मॅलिन बदलायचं. हे बदलणं कुणाचं काम, यावर आमच्याकडे दर सहा महिन्यांनी भांडण होतं.

त्या दिवशी कवटी हातकरवतीने उघडली होती. इलेक्ट्रिक करवत बिघडलेली होती आणि दुरुस्तीचा कागद स्टोअर्समध्ये पडून होता. मी त्यावरून चिडचिड केली होती. पुढे कळलं की तो कागद पडून राहिला हेच बरं झालं. इलेक्ट्रिक करवतीने बारीक तुषार हवेत उडतात.

पक्क्या झालेल्या मेंदूचे एकेक सेंटिमीटरचे काप केले, ट्रेवर ओळीने मांडले. काहीच नाही. ना रक्तस्राव, ना गाठ, ना पू. थोडी सूज, रक्तवाहिन्या जरा भरलेल्या. माझी ज्युनिअर हिरमुसली. “मॅडम, नॉर्मलच आहे.” नुसत्या डोळ्यांना काही दिसलं नाही की मुलं दोन-तीन ब्लॉक, म्हणजे स्लाइडसाठीचे छोटे तुकडे, घेऊन मोकळी होतात. मी प्रत्येक मेंदूत हिप्पोकॅम्पस (स्मरणशक्तीचा भाग), लहान मेंदू आणि ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ) यांचे ब्लॉक घ्यायला लावते, कारण विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी. त्यावरून विभागात माझी टिंगलही होते.

स्लाइडवर आधी रक्तवाहिन्यांभोवती पांढऱ्या पेशींची कडी दिसली. म्हणजे विषाणूचा मेंदूज्वर, एवढं नक्की. मग लहान मेंदूच्या काठावरच्या मोठ्या पुर्किंजे पेशी मोठ्या भिंगाखाली आणल्या. पेशीच्या आत, केंद्रकाच्या बाजूला, लालसर गोल ठिपका, कडा स्वच्छ, जणू कुणी कुंकवाचं बोट टेकवलंय. शेजारच्या पेशीत दोन. हिप्पोकॅम्पसमध्येही तेच. नेग्री बॉडीज, रेबीजची खूण. 1903 मध्ये इटलीत अडेल्की नेग्रीने त्या पाहिल्या तेव्हा त्याला ते परजीवी जंतू वाटले होते. दिसल्या नाहीत म्हणून रेबीज नाही असं म्हणता येत नाही. पण अशा दिसल्या की दुसरं काही सुचत नाही.

खरं सांगते, आधी आनंद झाला. असं निदान आयुष्यात कितीदा हाती लागतं! लगेच आठवलं की याला नळी घालताना किती जणांचे हात त्याच्या लाळेत होते. आणि मामा. मॉर्च्युरीत काम करणाऱ्यांना रेबीजची लस आधीच द्यायला हवी, हे पुस्तकात आहे. आमच्याकडे ते पुस्तकातच होतं.

सरांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “पाणी बघून घाबरला नव्हता गं.” साधारण पाचातल्या एका रेबीजच्या पेशंटमध्ये ते नाट्य नसतंच. नुसतं अंग लुळं पडत जातं, बहुधा चावलेल्या अवयवापासून. ब्लॉक बंगळूरला निम्हान्सला, मेंदूच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेला, पाठवले. तिथून रेबीज पक्का झाला.

केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं होतं: कुत्रा चावल्याचा इतिहास नाही. आमचे सोशल वर्कर आणि पीएचसीचे, म्हणजे गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे, डॉक्टर घरी गेले तेव्हा बायको म्हणाली, कुत्रा कुठे, पिल्लू होतं. अडीच महिन्यांपूर्वी घरी आणलेलं. दूध पाजताना ह्यांच्या उजव्या बोटाला दात लागला. मिरचीपूड लावली. आठवड्याभरात पिल्लू मेलं, लहान जीव, थंडी बाधली असेल. तेच पिल्लू घरातली दोन मुलं मांडीवर घेऊन फिरत होती आणि ते त्यांचं तोंड चाटत होतं.

मुलांना लगेच लस सुरू केली. उशीर झाला म्हणून द्यायची नाही, असं रेबीजच्या लसीत नसतं. पण आजी अडून बसली: पोटात चौदा इंजेक्शनं नको, पोरं वाचायची नाहीत. तिची भीती खोटी नव्हती. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, 1911 मध्ये हिमाचलातल्या कसौलीला सेम्पल या ब्रिटिश डॉक्टरने बसवलेली पद्धत, आणि त्या लसीनेच काहींना लकवा व्हायचा. तिचं उत्पादन भारतात थांबलं 2004 च्या अखेरीस. आता दंडात मोजकी इंजेक्शनं असतात. गावोगाव हे वीस वर्षांत नीट सांगितलं गेलेलं नाही. आजीला मुलांच्या दंडावरचा बारीक ठिपका दाखवल्यावर ती शांत झाली. तोवर पीएचसीसमोर रांग लागली होती, त्याच्या हातचं पान खाल्लेल्यांपासून त्याच्या म्हशीचं दूध घेणाऱ्यांपर्यंत. ज्यांना गरज नव्हती ते पुढे, आणि पिल्लाला पुरायला गेलेला गडी घरी.

थोरला भाऊ रिपोर्ट न्यायला आला. “तेव्हाच कळलं असतं तर?” मी म्हणाले, दवाखान्यात आणल्यावर कळून उपयोग नव्हता. दात लागला त्या दिवशी साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लस घेतली असती तर होता. यातलं दुसरं वाक्य बोलावं की नाही, याचा मी अजून विचार करते. पिल्लू त्यानेच आणलं होतं, हे मला नंतर कळलं.

राहिला मृत्यूचा दाखला. तो जीबीएस म्हणून कधीच निघाला होता. मी आमच्या रेकॉर्ड विभागात गेले. तिथल्या बाबूंनी विचारलं, नातेवाइकांचा अर्ज आहे का? निदान आम्ही करायचं, अर्ज विधवेने. साथरोग विभागाला मी कळवलं, त्याची पोच माझ्याकडे आहे. 2030 पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचा असं देशाने ठरवलंय, तेव्हा मेलेला माणूस निदान बरोबर रकान्यात मोजला जावा, एवढीच माझी अपेक्षा होती.

भावाला फोन केला. तो अदबीने म्हणाला, “मॅडम, जे झालं ते झालं. रेबीज लिहिलं तर भावजयीच्या हातचं पाणी कुणी घेणार नाही. पोरांना शाळेत कुणी शेजारी बसू देणार नाही. तुमच्या वहीत लिहा, आमच्या कागदावर नको.”

त्याला समजावता आलं असतं. रेबीज असा पसरत नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलंही. त्याला ते कळलं होतं. गावाला कळणार नाही, हे त्याला माझ्याहून जास्त कळत होतं. अर्ज आला नाही. ब्लॉक विभागात जपून ठेवले आहेत, स्लाइड परीक्षेला दाखवतो. दाखला जीबीएसचाच आहे.