काळपट्टी: मधले सहा मीटर आणि माळढोकाचा धागा

डायनासोरांपासून माणसापर्यंतचा काळ दाखवणारी माझी पट्टी १५ मीटरच्या खुणेपर्यंत पोचली. नव्याने आलेल्यांसाठी: खाटेला विणतात ती पांढरी सुती नवार, एक मीटर म्हणजे एक कोटी वर्षं, शून्य म्हणजे आज. सोलापुरात नवारीची ददात नाही, जागेची आहे. डायनासोरांची सुरुवात साधारण २३ मीटरवर येते, त्यामुळे काम आता गच्चीवर आणि तेही उन्हं कलल्यावरच.

या खेपेला माणसाचं टोक पूर्ण केलं. मोरोक्कोत जेबेल इरूदला सापडलेले आपल्या जातीचे अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे पट्टीवर ३ सेंटिमीटर. इथिओपियातली लूसी, म्हणजे माणसाच्या शाखेतल्या एका जुन्या मादीचा सांगाडा, ३२ सेंटिमीटरवर. त्याच शाखेतल्या, चाडमधल्या साहेलान्थ्रोपसची कवटी ७० सेंटिमीटरवर. त्यापलीकडे माणसाच्या शाखेचं लावण्याजोगं काही नाही. मग थेट ६.६० मीटरवर डायनासोरांना भोवलेल्या उल्कापाताची लाल रेघ, आणि आपल्याकडचा राजासोरस, टी. रेक्स वगैरे डायनासोर मंडळी तिच्या पलीकडे. ‘आदिमानव डायनासोरची शिकार करायचा ना?’ असं विचारणाऱ्या शेजाऱ्यांना मी आता काही सांगत नाही, मधल्या कोऱ्या पट्टीवरून चालायला लावतो. टेक्सासच्या पॅलक्सी नदीतल्या ‘माणसाच्या पावलां’चा फोटो त्यांनी दाखवलाच. ती डायनासोरचीच पावलं: तळवा टेकवून चाललेली, बोटांच्या खुणा गाळानं बुजलेल्या.

लाल रेघेच्या आसपास मी जरा जास्तच रेंगाळलो, कारण तिथं आपलं घर आहे. दख्खनचा बहुतेक लाव्हा जेमतेम दहा लाख वर्षांत ओतला गेला. माझ्या पट्टीवर १० सेंटिमीटर, म्हणजे अख्ख्या सह्याद्रीला वीतभरही जागा नाही! आपल्या विहिरींत मुरुमाखाली लागतो तो काळा पाषाण त्यातलाच. त्यात हाडं शोधू नका. हाडं मिळतात गाळाच्या थरांत, जसा चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा इसिसोरस हा लांब मानेचा डायनासोर. त्याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या डायनासोरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. आपल्या मालदांडी ज्वारीच्या कुळातली झाडं डायनासोरांनी आधी चाखली, हे मला राजासोरसपेक्षाही भारी वाटतं.

आता वादाचा मुद्दा. डायनासोरांचा हिरवा धागा लाल रेघेवर तोडायचा का? मी तोडला नाही. आर्किओप्टेरिक्स हा पिसांचा आद्य पक्षी १५ मीटरवर. तिथून पक्ष्यांचा एक बारीक धागा काढला आणि टाके घालत शून्यापर्यंत आणला. पक्षी हे डायनासोरांचीच जिवंत शाखा, तेव्हा शेवटच्या टोकाला नान्नजचा माळढोक चिकटवलाय. १९७९ साली अभयारण्य करूनही आज देशभरात जेमतेम दीडशेच्या घरात उरलेला. म्हणजे माणूस आणि डायनासोर एकत्र राहतात, फक्त राजासोरससोबत नाही, आणि या डायनासोरला आपला शेजार फारसा मानवलेला नाही.

पुढचं काम सस्तन प्राण्यांचा धागा. तो २० मीटरच्याही पलीकडून सुरू होतो आणि तेरा मीटरांहून जास्त अंतर डायनासोरांच्या धाग्याला लागून चालतो. चिचुंद्रीएवढे ते जीव, पण आपले पूर्वज त्यांच्यातच. त्यासाठी नवारीचं आणखी एक बंडल आणायचंय.