आमची वाटचाल : दोन ग्रॅमचा हिशेब

बुधवार पेठेतल्या आमच्या दुकानात बाबा टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. 2003 च्या सुमारास कॅसेटचं काम आटत चाललं होतं. तेव्हा एक काका माळ्यावरचा एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर पुसून घेऊन आले. "एवढा वाजता करून द्या, आईला ऐकायचंय." बाबांनी तो चालू करून दिला. महिन्याभरात त्या काकांचे दोन शेजारी आपापले प्लेअर घेऊन आले आणि आमचा धंदा हळूहळू रेकॉर्डकडे वळला.

त्या काळच्या साध्या प्लेअरांच्या सिरॅमिक पिना पाच-सहा ग्रॅम वजनाने खाचेवर बसायच्या. आज दुकानातून बाहेर पडणारा बहुतेक प्लेअर आम्ही दोन ग्रॅमच्या आसपास लावून देतो. पण हे वजन मोजायचा काटा आम्ही बऱ्याच उशिरा घेतला. त्याआधी आम्हाला वाटायचं की महाग वस्तू जोडली की आवाज सुधारतो.

2011 मध्ये कोथरूडच्या एका गृहस्थांना आम्ही नवा फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा डबा) आणि भारी केबल दिल्या. आठ दिवसांत ते परत आले. विलंबित छान वाजतं, म्हणाले, पण द्रुत सुरू झालं की तानेत वाळू मिसळल्यासारखी वाटते. त्या रात्री त्यांचा प्लेअर आणि रेकॉर्ड घेऊन मी दुकानातच बसलो. कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा छोटा ठोकळा, प्रोट्रॅक्टरवर (त्याची जागा तपासायच्या पट्टीवर) धरलं तर ते चांगलं दोन मिलिमीटर पुढे बसवलेलं निघालं. भिंगाखाली सुईचं टोक एका अंगाला घासून सपाट झालेलं दिसलं. या दोन्ही गोष्टी आम्ही आधी पाहायला हव्या होत्या.

लाँगप्लेचं एक आहे, ती मिनिटाला 33⅓ फेरेच घेते, सुई कडेला असो की लेबलजवळ. त्यामुळे कडेची खाच सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटीमीटर सरकते आणि आतली जेमतेम 21. तेवढाच आवाज आत निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो. आता ख्यालाची बांधणी पाहा. बाजू सुरू होते विलंबिताने, जिथे जागा ऐसपैस. द्रुताच्या ताना आणि तबल्याचे जलद बोल येतात नेमके त्या आतल्या दाटीत. गाण्यांच्या रेकॉर्डवर शेवटी एखादं संथ गाणं ठेवून भागवता येतं, ख्यालात ती सोय नाही. म्हणून आपलं शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला सुईचा आकार आणि कार्ट्रिजची मांडणी यांचा फरक फार लवकर कळतो, असं माझं ठाम मत आहे.

त्या गृहस्थांना आम्ही नवी सुई बसवून दिली, कार्ट्रिज जागेवर आणलं, वजन लावलं. प्रीअँप आणि केबल परत घेतल्या, पैसे दिले. तान स्वच्छ आली. तेव्हापासून केबल विकणं आम्ही बंद केलं. आधी रेकॉर्ड धुवायची, मग मांडणी, मग सुई. एवढं करूनही समाधान झालं नाही तरच पुढचं बोलायचं. प्रीअँप बिनकामाचा नाही. रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात, ते पूर्ववत करणं त्याचंच काम. पण झिजलेल्या सुईने जे उचललंच नाही, ते तो कुठून देणार?

ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम95 मालिका आम्हाला आवडते ती याचसाठी. कार्ट्रिज तेच ठेवून पुढची सुई बदलता येते. गिऱ्हाईक लंबगोल टोकाच्या सुईने सुरुवात करतं आणि पुढेमागे पैसे जमले की मायक्रोलिनिअर लावतं. ती खाचेच्या भिंतीला बारीक उभ्या रेघेने टेकते, म्हणून आतली वळणंही तिला नीट वाचता येतात. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांसाठी याच मालिकेत जाड टोकाची वेगळी सुई मिळते. घरात बालगंधर्वांच्या तबकड्या असतील तर कृपया त्यावर लाँगप्लेची सुई टेकवू नका. ती रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि फक्त खरखर उचलते.

त्या तबकड्यांच्या बाबतीत आमच्या हातून एक नुकसान झालंय. एका ओळखीच्या घरची तबकडी आमच्याकडच्या मुलाने स्पिरिटने पुसली. 78 ची तबकडी लाखेची असते आणि फर्निचरचं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच. खाचा पुसट झाल्या. भरून देण्यासारखी ती वस्तू नव्हती. दुकानात स्पिरिटची बाटली आता वेगळ्या कपाटात, कुलपात असते.

अलीकडे बरेच प्लेअर अमेरिकेहून येतात. एका काकूंच्या जावयाने न्यू जर्सीहून पट्ट्यावर चालणारा जुना प्लेअर आणला. ट्रान्सफॉर्मर लावून 110 व्होल्ट दिले, तरी गाणं सुस्त. काकूंनी पेटी काढून सूर धरला : काळी चारची गायिका पांढरी चारमध्ये, म्हणजे पेटीवर तीन पट्ट्या खाली, गात होती. तिकडची वीज 60 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 60 आवर्तनांची, आपली 50 ची, आणि मोटर त्या हर्ट्झच्या तालावर फिरणारी. 33⅓ चे 27.8 झाले होते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही.

उपाय म्हणजे मोटरची पुली सहास पाच या प्रमाणात मोठी करणं. मूळची 10 मिलिमीटरची होती, भोसरीच्या एका लेथवाल्याकडून 12 ची पितळी करून आणली. 3150 हर्ट्झचा एकच सूर असलेल्या चाचणी-रेकॉर्डवर मोजलं तर 3100 च्या आसपासच. काकूंनी आकडा न बघताच सूर उतरलाय म्हणून सांगितलं. पट्ट्याची एक मिलिमीटर जाडी आम्ही धरलीच नव्हती. पुली 12.2 ची केली आणि पेटी जुळली.

सध्या टेबलावर कोल्हापूरहून आलेला एक डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे पट्ट्याशिवाय थेट मोटरवर फिरणारा प्लेअर आहे. मालकीणबाईंनी सोबत एकच रेकॉर्ड पाठवली आहे आणि चिठ्ठीत लिहिलंय, "दुसऱ्या बाजूची शेवटची तीन मिनिटं स्वतः ऐका, मगच पाठवा." नवी सुई परवा बसवली. वीसेक तास वाजू देऊन वजन पुन्हा तपासायचं, ती तीन मिनिटं ऐकायची आणि मग खोकं बांधायचं.